बाटली भरलेली, रेडिएटर कोरडा: एका पिकअपच्या गळतीचं प्रकरण

वाईत माझं गॅरेज आहे. दोन लिफ्ट नाहीत, एकही नाही. एक खड्डा आहे आणि दोन पोरं आहेत. हे प्रकरण मालक आणि चालक दोघांना विचारून लिहितोय. नावं, गाडीची कंपनी, नंबर गाळलाय. माझ्या चुका मात्र गाळलेल्या नाहीत, कारण या प्रकरणात निदान एक चूक निखळ माझी होती.

पार्श्वभूमी

गाडी डिझेल पिकअप, सात वर्षं जुनी, १,८०,००० किलोमीटर पळालेली. मालक भिलारकडचे स्ट्रॉबेरीवाले, दोघं भाऊ. स्वतःचा माल आणि शेजारपाजारच्यांचाही भरतात. हंगामात हिचा दिनक्रम ठरलेला: दुपारपर्यंत तोडणी, मग पनेट, म्हणजे फळांचे छोटे डबे, भरून खोकी बांधायची, संध्याकाळी पाचगणीवरून पसरणी घाट उतरून वाई, सुरूर, खंबाटकीचा बोगदा, पुणे बायपास, आणि उजाडायच्या आत वाशीचं मार्केट. परतीला रिकामी क्रेट, कधी किराणा. चालक पगारी, तिशीतला, गाडी स्वच्छ ठेवणारा.

या फेरीची एक गंमत आहे, आणि ती आधी ध्यानात घेतली नाही तर पुढचं कळणार नाही. ही गाडी भरलेली असते तेव्हा घाट उतरते, आणि चढते तेव्हा रिकामी असते. येताना खंबाटकीचा जुना घाट चढायचा, मग पसरणी, पण दोन्ही हलक्या अंगानं आणि बहुतेक सकाळच्या थंड वेळी. म्हणजे इंजिनाचा खरा कस लागेल अशी वेळ तिच्यावर येतच नव्हती. रेडिएटर निम्म्या ताकदीवर चालत असता तरी कुणाला पत्ता लागला नसता. आणि तसंच झालं.

रेडिएटर आजकालच्या बहुतेक गाड्यांना असतो तसाच: मधली जाळी ॲल्युमिनियमची, टाक्या प्लॅस्टिकच्या, दोन्हींच्या मध्ये रबरी पॅकिंग आणि जाळीच्या पट्टीचे दात टाकीच्या कडेवर दाबून बसवलेले. तोंडावर दाबाची कॅप, बाजूला पांढरी बाटली. कॅपमध्ये दोन झडपा असतात. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, तापून फुगलं की मोठी झडप उघडते आणि जादा कूलंट बाटलीत जातं. गाडी थंड झाली की आत ओढ तयार होते, छोटी झडप उघडते आणि तेच कूलंट बाटलीतून परत रेडिएटरमध्ये येतं. या गाडीची मूळ कॅप ०.९ बारची, म्हणजे तेवढ्या दाबाला उघडणारी.

पहिली लक्षणं

जानेवारीत बाटलीतली पातळी खाली यायला लागली. दोन-तीन दिवसांनी पाव लिटरभर. चालक नळाचं पाणी घालायचा, मळ्यावर असला तर विहिरीचं. त्यानं मालकांना सांगितलंही होतं. मालक म्हणाले, हंगाम संपू दे.

फेब्रुवारीत पुण्याहून येताना शिरवळच्या पुढे त्याला बॉनेटमधून गोडसर वास आला. कूलंटचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. कढत्या पाकासारखा, पण त्यात काहीतरी कडवट. रस्त्याकडेच्या दुकानात गाडी लावली. तिथल्या माणसानं दोन गोष्टी केल्या. एक, रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली. दुसरी, कॅपचं रबर फाटलेलं दाखवून दुसरी कॅप बसवली. दोन्ही मिळून फार तर दोनशे रुपये झाले असतील.

हळदीला हसू नका. आपल्याकडच्या ट्रकवाल्यांचा हा जुना उपाय आहे आणि तो थोडा चालतोही. पूड पाण्याबरोबर फिरते, गळतीच्या तोंडाशी जाऊन अडकते, फुगते, आणि केसाएवढी चीर बुजते. माळरानावर अडकलेल्या माणसाला घरी पोचवायला एवढं पुष्कळ झालं. फक्त हळदीला चीर कुठली आणि जाळीची नळी कुठली हे कळत नाही. ती दोन्हीकडे बसते.

त्या दिवसापासून बाटलीतली पातळी उतरायची थांबली. रोज सकाळी बघावं तर कूलंट रेषेवर, पाणी घालायची गरजच नाही. चालक खूष, मालक खूष, शिरवळच्या माणसाचं नाव भिलारपर्यंत पोचलं. चालकाला आणखी एक गोष्ट दिसत होती, पण ती त्यानं मला महिन्याभरानं सांगितली: "सकाळी बॉनेट उघडलं की वरचा पाइप चपटा झालेला असायचा, मिस्त्री. चावी मारली की परत फुगायचा. मला वाटलं, रबर जुनं झालंय."

माझ्याकडची पहिली खेप

मार्चच्या पहिल्या आठवड्यात गाडी माझ्याकडे आली, संध्याकाळी सहाला, खोक्यांनी भरलेली. रेडिएटरच्या वरच्या टाकीच्या कडेला, पट्टीच्या दातांजवळ, हिरवट-पांढरी खपली धरली होती. कूलंट झिरपून सुकलं की अशी खपली राहते. ओल फारशी नव्हती.

चालक म्हणाला, "मिस्त्री, आजची गाडी तेवढी जाऊ द्या. माल थांबत न्हाय."

खरंच थांबत नाही. स्ट्रॉबेरीची एक रात्र चुकली की सकाळी तिला जॅमचा भाव. मी खपली खरवडली, सैल वाटलेले दोन-तीन दात पकडीनं दाबले, कड कोरडी करून वरून इपॉक्सी पुटी लावली. बाटली बघितली, भरलेली होती. पैसे घेतले नाहीत. गाडी गेली.

इथं पहिला निर्णयाचा क्षण होता आणि तो मी दवडला. इंजिन तापलेलं होतं म्हणून कॅप उघडली नाही, हे बरोबर केलं. तापलेल्या रेडिएटरची कॅप उघडणाऱ्याचे भाजलेले हात मी पाहिलेत. पण ती थंड होईपर्यंत तासभर थांबलो नाही. थांबलो असतो तर कॅप काढल्यावर आत बोट बुडलं नसतं, आणि कॅपवर दाबाचा आकडाच नाही हेही दिसलं असतं. मी बाटली बघितली आणि रेडिएटर बघितला असं मनाशी धरलं.

घाटातला तास

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मालकांनी परतीच्या गाडीत वाईतून मिश्रखताच्या २० गोण्या भरल्या, वर पाइपची बंडलं. टनाच्या वर वजन. वेळ दुपारी एकची. त्या हंगामात पहिल्यांदाच ही गाडी भरलेली, भर उन्हात, पसरणी घाट चढत होती.

पुढचं चालकाच्या सांगण्यावरून. अर्धा घाट गेल्यावर तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकला. त्यानं गिअर उतरवला, वेग कमी केला. काटा लाल पट्ट्याजवळ गेला. थांबावं म्हणून तो जागा शोधत होता, तेवढ्यात काटा झरझर खाली आला, पार थंड बाजूला. "मला वाटलं, थर्मोस्टॅट उघडला असंल, गाडी निवली." थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप. चालक थांबला नाही. आणखी साधारण किलोमीटरभर गेला. मग ओढ कमी झाली, इंजिनाचा आवाज कोरडा यायला लागला, तापलेल्या लोखंडाचा वास आला, तेव्हा कुठे त्यानं कठड्याशी गाडी लावून बंद केली.

काट्याचं हे वागणं प्रत्येक चालकाला माहीत हवं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. काट्याचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो तेव्हाच कूलंटचं तापमान सांगतो. कूलंट संपून त्याच्याभोवती नुसती वाफ-हवा उरली की तो भलतंच सांगू लागतो, आणि बऱ्याच गाड्यांत काटा खाली पडतो. लाल पट्ट्याजवळून काटा हळूहळू उतरला, चढ संपलाय, वेग वाढलाय, तर गाडी निवली असेल. चढ तसाच असताना काटा एकदम पडला तर गाडी निवली नाही, तिच्यातलं पाणी संपलंय. त्या क्षणी इंजिन बंद.

त्यानं फोन केला. मी तीन गोष्टी सांगितल्या: बॉनेट उघड, कॅपला हात लावू नको, आणि कुणी काही म्हणालं तरी इंजिनावर पाणी ओतू देऊ नको. तिसरी गोष्ट सांगायला हवीच होती, कारण पसरणी घाटात पाच मिनिटं बॉनेट उघडून उभं राहिलात तर मदतीला माणसं आणि माकडं दोन्ही जमतात. एका पर्यटक कुटुंबानं पाण्याच्या गार बाटल्या पुढे केल्या होत्या. लाल तापलेल्या हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावर, गार पाणी पडलं तर हेड वाकडं होतं किंवा चिरतं. चालकानं बाटल्या घेतल्या आणि त्यातली एक प्यायली. यात त्याचं काहीच चुकलं नाही.

मी दुचाकीवर पाण्याचा कॅन बांधून पाऊण तासात पोचलो. खाली धोम धरणाचं पाणी पसरलेलं दिसत होतं आणि इथे रेडिएटरमध्ये थेंब नाही. गोणपाट घालून कॅप पहिल्या टप्प्यापर्यंत फिरवली. फुस्सकन आवाजसुद्धा आला नाही. आत दाब म्हणून नव्हताच. वरच्या टाकीच्या कडेला, माझ्या पुटीच्या बरोबर शेजारी, बोटभर लांब चीर होती. पुटी मात्र जागच्या जागी घट्ट.

डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं तेल बघायची पट्टी, काढली. तेलात पाणी मिसळलं असतं तर ते चहासारखं दुधट दिसतं; तसं नव्हतं. अजून वेळ जाऊ दिला, मग सावकाश, थोडं थोडं करत साडेपाच लिटर पाणी आत गेलं. या गाडीत एकूण ९ लिटरच्या आसपास बसतं. म्हणजे निम्म्याहून जास्त गायब. एवढं काही घाटात एका चढात गेलेलं नव्हतं.

आता करायचं काय? वर पाचगणी जवळ होती. पाणी घालत घालत चढवून नेऊ, असं मालकांचं फोनवरून म्हणणं. दुसरा सल्ला एका ट्रकवाल्याचा: गाडी वळवा, इंजिन बंद, न्यूट्रलला टाका, उतारानं आपोआप वाईत जाईल, इंजिन तापायचा प्रश्नच नाही. तिसरा पर्याय टोइंगचा, त्याला दोन तास आणि बरेच पैसे.

ट्रकवाल्याचा सल्ला ऐकायला फार शहाणा वाटतो. तो त्या तासातला सगळ्यात धोकादायक सल्ला होता. इंजिन बंद केलं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम तयार होत नाही. दोन-तीन वेळा पाय दाबला की पेडल दगड होतं. स्टिअरिंग जड. गिअरचा आधार नाही. टनभर खत पाठीवर आणि पुढे वळणांमागून वळणं. त्यापेक्षा इंजिन गेलेलं परवडलं.

आम्ही खत मालकांच्या धाकट्या भावानं आणलेल्या दुसऱ्या पिकअपमध्ये घातलं. गाडी चालू केली, कॅप काढूनच दोन मिनिटं बघितली: रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतायत का? नव्हते. मग रिकामी गाडी इंजिन चालू ठेवून, दुसऱ्या गिअरमध्ये, वाटेत दोनदा थांबून पाणी घालत, खाली आणली. उतारावर गिअरमध्ये इंजिनाला कामच नसतं, त्यामुळे ते तापत नाही. वर चढवली असती तर याच्या बरोबर उलट झालं असतं.

गॅरेजमध्ये: पर्याय

रात्रभर गाडी थंड होऊ दिली. सकाळी पहिलं काम कॅप हातात घेतली. तिच्यावर आकडाच नव्हता. हातपंपाला जोडून दाब देऊन बघितला: ०.९ ला उघडायला हवी होती, १.३ ओलांडला तरी उघडेना, मी थांबलो. छोटी झडप सुईनं ढकलली तर हलेना, चिकटलेली.

इथं सगळ्या गोष्टींचा धागा लागला. कॅप बदलल्या दिवसापासून बाटलीतलं कूलंट उतरायचं थांबलं ते गळती थांबली म्हणून नव्हे. बाटली आणि रेडिएटर यांचा संबंधच तुटला होता. तापल्यावर आतलं बाहेर येत नव्हतं, थंड झाल्यावर बाहेरचं आत जात नव्हतं. सकाळी चपटा झालेला पाइप हेच सांगत होता: आत ओढ आहे, पण वाट बंद. रेडिएटर चिरेतून थेंब थेंब रिकामा होत होता आणि बाटली, जिच्याशी आता कुणाचंच देणंघेणं नव्हतं, रोज सकाळी रेषेवर भरलेली दिसत होती. वर दाब दीडपट. सात वर्षं जुनं प्लॅस्टिक चिरणार नाही तर काय.

दाबाचा घाटाशीही संबंध आहे. पाचगणी समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरच्या आसपास. तिथं उघड्या भांड्यात पाणी १०० अंशाला नाही, ९६ च्या जवळपास उकळतं. चांगली ०.९ बारची कॅप असेल तर तेच ११५ च्या पुढे जातं. चीर पडली, दाब उडाला, की हे वीस अंश एका क्षणात जातात. त्यात आमच्या चालकानं महिनाभर नळाचं पाणी घातलेलं, म्हणजे कूलंटचं प्रमाण पातळ होऊन तोही आधार गेलेला.

रेडिएटरचं काय करायचं याबद्दल मालकांशी दीड तास बोलणं झालं. वडिलांच्या वेळच्या जीपला तांब्या-पितळेचा रेडिएटर होता. तो फुटला की साताऱ्याला नेऊन डाग देऊन आणायचे, आणि तो पुन्हा पाच वर्षं चालायचा. "तसं करा ना," हा त्यांचा आग्रह. पण डाग तांब्या-पितळेला धरतो. ॲल्युमिनियमवर साधा सोल्डर बसत नाही, आणि चीर तर प्लॅस्टिकला होती. पुन्हा पुटी लावणं म्हणजे माझ्याच चुकीची दुसरी आवृत्ती.

टाकी बदलणं शक्य होतं. पट्टीचे दात उघडून नवी टाकी, नवं पॅकिंग, पुन्हा दाबून बसवणं. खर्च दोन हजारांच्या आत. हा मला मनापासून पटलेला पर्याय होता. साताऱ्यातल्या रेडिएटरवाल्याकडे जाळी पाठवली. त्यानं टाकी उघडली आणि फोटो पाठवला: नळ्यांच्या तोंडाशी पिवळा-तपकिरी थर, हळद आणि क्षार एकत्र घट्ट झालेला. जवळपास एक तृतीयांश नळ्या बंद. शिवाय दात एकदा मी पकडीनं दाबलेले, ते उघडताना दोन तुटले. त्याचं म्हणणं, साफ करून देतो, पण हमी देत नाही. हमी देणार नाही असं तोंडावर सांगणारा कारागीर मला आवडतो; त्याचं ऐकावं.

तिसरा पर्याय जुन्या गाडीचा उतरवलेला रेडिएटर. हंगामात रोज पाचशे किलोमीटर पळणाऱ्या गाडीला दुसऱ्याची अज्ञात गळती विकत कशाला घ्या. शेवटी बाजारातला नवा रेडिएटर ठरला, कंपनीच्या डीलरपेक्षा स्वस्त, पण घेताना जाळीची जाडी जुन्याशी ताडून घेतली. त्याच नंबरखाली पातळ जाळीचा मालही मिळतो. तो बसतो, सपाटीवर चालतो, आणि घाटात रडवतो.

काम, आणि पुन्हा उतरणारा दाब

इंजिनमधली हळद काढण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. थर्मोस्टॅट काढून उलट्या दिशेनं पाणी सोडलं, तीनदा. तिसऱ्या वेळेलासुद्धा पाण्याला पिवळी झाक होती. पोरं म्हणाली, मिस्त्री, कढी. निघालेलं सगळं कॅनमध्ये भरलं. कूलंट चवीला गोड असतं आणि विषारी असतं. गटारात सोडलं की कुत्री, गुरं चाटतात आणि मरतात. हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी कुणीतरी म्हणतं, थोडंसंच आहे.

नवा रेडिएटर, नवे दोन्ही पाइप, क्लॅम्प, थर्मोस्टॅट, आणि आकडा वाचून घेतलेली ०.९ ची कॅप. सगळं पाण्यानं भरून हातपंपानं ०.९ बारचा दाब दिला आणि चहाला गेलो. वीस मिनिटांनी काटा ०.७५ वर.

बाहेर कुठं थेंब दिसेना. धाकटे भाऊ शेजारी उभे होते, ते म्हणाले, "मग हेड गॅस्केटच गेलं. उघडा हेड." हेड गॅस्केट म्हणजे हेड आणि खालच्या इंजिनाच्या मधलं पॅकिंग. वाईतल्या दोन मिस्त्रींनीही त्यांना फोनवर तेच सांगितलं होतं. तापलेली गाडी, उतरणारा दाब, बाहेर थेंब नाही: तर्क चुकीचा नव्हता. पण हेड उघडणं म्हणजे पंधरा हजारांच्या घरात खर्च आणि चार दिवस. आणि माझ्याकडे गॅस्केटच्या विरुद्ध तीन गोष्टी होत्या. तेल स्वच्छ. तोंडाशी बुडबुडे नाहीत. आणि थंड इंजिन चालू केल्यावर पहिल्या मिनिटात वरचा पाइप टणक होत नव्हता. गॅस्केट गेलं की सिलिंडरचा दाब कूलंटमध्ये घुसतो आणि इंजिन तापायच्या आधीच पाइप फुगतो.

मी एक दिवस मागून घेतला. बेल्ट काढला, पुलीच्या मागे आरसा आणि टॉर्च घातला. कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. ते मुद्दामच ठेवलेलं असतं: आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावं म्हणून. त्या भोकाखाली पांढऱ्या क्षाराची रेघ, काडीएवढी, खालपर्यंत गेलेली. थेंब जमिनीवर पडतच नव्हता. इंजिनाच्या अंगावरून ओघळून मातीच्या थरात मुरत होता.

म्हणजे गळत्या दोन होत्या. जानेवारीतली पहिली गळती कोणती, टाकीची की पंपाची, हे आता सांगता येणार नाही. माझा अंदाज पंपाचा आहे. टाकी नंतर, त्या कॅपच्या दाबानं गेली.

पंप बदलला. दाब दिला. अर्धा तास ०.९ वर काटा हलला नाही. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. भरताना गाडीचं नाक चढावर ठेवलं, म्हणजे हवा कॅपकडे निघून येते. गॅरेजपुढचा रस्ता थोडा चढाचा आहे, त्याचा एवढाच उपयोग. खालचा पाइप गरम लागेपर्यंत, म्हणजे थर्मोस्टॅट उघडल्याची खात्री होईपर्यंत, चालू ठेवली. पातळी खाली बसली तसं अजून पाऊण लिटर गेलं.

निकाल

खर्च असा झाला: रेडिएटर ५,४००, पंप २,१००, थर्मोस्टॅट ४५०, पाइप आणि क्लॅम्प ९००, कॅप १८०, कूलंट १,३००, मजुरी २,५००. एकूण १२,८३० रुपये. गाडी चार दिवस उभी. त्या दिवसांत मालकांनी दुसऱ्याची पिकअप भाड्यानं घेतली, त्याचा हिशोब वेगळा आणि त्याबद्दल त्यांनी मला थोडं ऐकवलंही.

सोडण्याआधी त्याच २० गोण्या पुन्हा गाडीत भरायला लावल्या. मालकांना हे पटत नव्हतं, पण रिकाम्या गाडीची चाचणी ही या गाडीची चाचणीच नव्हे. दुपारी घाट चढवला. पाचगणीत पोचेपर्यंत काटा मध्याच्या किंचित खाली, तिथंच. दुसऱ्या दिवशी थंड असताना कॅप उघडली, रेडिएटर काठोकाठ.

बाटलीवर मार्करनं दोन रेघा मारून दिल्या, थंडीची आणि तापल्यानंतरची. चालकाला सांगितलं, बाटली भरलेली आहे का ते बघू नको, कूलंट या दोन रेघांच्या मध्ये वर-खाली होतंय का ते बघ. हलत नसेल तर मला फोन कर. पहिल्या हजार किलोमीटरनंतर दाब पुन्हा तपासला, ठीक होता. हेडला हात लावावा लागला नाही. कोरडं पळवलेलं किलोमीटर त्या हेडनं सोसलं यात माझ्या कौशल्याचा भाग थोडा आणि नशिबाचा जास्त.

वेगळं काय करता आलं असतं

चालकानं जानेवारीतच, पातळी पहिल्यांदा उतरली तेव्हा, गाडी अर्धा दिवस उभी केली असती तर बहुतेक पंपावर भागलं असतं. पण त्यानं सांगितलं होतं आणि त्याला थांब म्हणून सांगण्यात आलं होतं, त्यामुळे याचं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. गाडी कधी उभी करायची हे ठरवायचा अधिकार ज्याच्याकडे नाही, त्याला काटा का नाही बघितलास म्हणून झापणं सोपं असतं.

शिरवळच्या माणसाची हळद मी माफ करतो. आकडा न बघता बसवलेली कॅप नाही.

माझ्याकडून दोन गोष्टी. त्या संध्याकाळी माल दुसऱ्या गाडीत घालून ही ठेवून घ्यायला हवी होती. ते नाही तर निदान मालकांना फोन करून सांगायला हवं होतं की मी फक्त पुटी लावलीय, तपासणी केलेली नाही. पैसे घेतले नाहीत म्हणून जबाबदारी कमी झाली असं मला तेव्हा वाटलं होतं. मालकांना मात्र "मिस्त्रींनी बघितलंय" एवढंच कळलं, आणि त्याच भरवशावर त्यांनी खत भरलं. दुसरी गोष्ट, दाबाची चाचणी. हातपंप तेव्हाही भिंतीला टांगलेला होता. नवा रेडिएटर बसवायच्या आधी, जुनीच चीर तात्पुरती बंद करून दाब दिला असता तर पंपाची गळती त्याच दिवशी कळली असती आणि एक दिवस वाचला असता. ज्या जागी थेंब दिसतो तिथंच सगळं आहे असं समजून मीही कामाला लागलो होतो.

ती बिनआकड्याची कॅप मी खिळ्याला टांगून ठेवलीय, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवायला. परवा कुडाळकडचा एक पिकअपवाला आला होता. सगळी गोष्ट नीट ऐकून घेतली, मान डोलावली, आणि जाताना म्हणाला, "मिस्त्री, टोपी नुसतीच लटकलीय. माझ्या गाडीला बसंल का?"